कोट काढून बसणारं कुणी

रचनाने अंगातला कोट न काढताच किटली लावली आणि ट्रेमध्ये चार कप मांडले. बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला.

"साखर पिवळ्या डब्यात आहे. वर."

"माहितीये, आई."

"माहीत असतं तर मागच्या वेळी नर्सबाईच्या चहात मीठ गेलं नसतं. बिचारीने तो प्यायला पण."

रचना दारात येऊन उभी राहिली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, केस विंचरलेले, अंगावर पांढरा स्वेटर, डावा पाय स्टुलावर.

"मला एक सांग, या लोकांनी परत कशाला बोलावलंय? तीन महिन्यांनी एकदा रिव्ह्यू असतो म्हणतात. तुझा दर महिन्याला कसा निघतो?"

"मला काहून विचारतेस?" कांताबाई म्हणाल्या. "त्यांचं इंग्रजी त्यांना माहीत."

कांताबाई मेश्राम, वय एक्क्याऐंशी. हृदय कमजोर, पायावर न भरणारी जखम, तीन वर्षांपूर्वी येऊन गेलेला एक छोटा स्ट्रोक. एवढं सगळं एका म्हाताऱ्या जिवाच्या वाट्याला आलं, की इथली, इंग्लंडमधली, सरकारी आरोग्यसेवा त्याला एकट्या डॉक्टरच्या हवाली करत नाही, टीमच्या हवाली करते. डॉक्टर, पट्टी बदलणारी नर्स, गोळ्या तपासणारी फार्मसिस्ट, चालवून घेणारा फिजिओ, सोशल वर्कर, आणि या सगळ्यांची मोट बांधणारी कोऑर्डिनेटर. दर दुसऱ्या मंगळवारी ही मंडळी सर्जरीत, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यात, एकत्र बसत आणि प्रत्येक पेशंटचं एकच रेकॉर्ड उघडत. एकाने लिहिलेलं सगळ्यांना दिसे. म्हाताऱ्या माणसाला तेच तेच सहा जणांना सांगावं लागू नये, म्हणून. रचनाला ही व्यवस्था मनापासून पटली होती. ती साउथहॅम्प्टनच्या विद्यापीठात ग्रंथपाल होती. एका जागी नीट लागलेल्या नोंदीवर तिचा विश्वास होता.

अकराच्या सुमाराला दोघी आल्या. नर्स आणि कोऑर्डिनेटर जेमिमा. नर्स सरळ गुडघ्यांवर बसली आणि पट्टी सोडायला लागली. जेमिमा सोफ्याच्या कडेला टेकली, कोटाची बटणं तेवढी उघडली आणि मांडीवर लॅपटॉप घेतला. पस्तिशीची असेल, गळ्यात सहा टोकांची बारीक चांदणी. आपली आजी मुंबईची होती असं तिने पहिल्या भेटीत सांगितलं होतं, आणि रचनाने ते ऐकून सोडून दिलं होतं. लंडनच्या या ईलिंगमध्ये कुणाची ना कुणाची आजी मुंबईची निघतेच.

"मिसेस मेश्राम," नर्स पायाकडे बघत म्हणाली, "माझ्या नवऱ्यापेक्षा मला तुमचा हा पायच जास्त वेळा भेटतो."

कांताबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मग रचनाने भाषांतर केलं, आणि त्या हसल्या.

स्ट्रोक आला तेव्हा आईचं इंग्रजी गेलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत बावीस वर्षं फाटक्या चादरी शिवता शिवता तिने ते जमवलं होतं, आणि एका सकाळी ते नाहीसं झालं. रेकॉर्डवर ओळ चढली: दुभाषी लागेल, मुलगी. तेव्हापासून या खोलीत मायलेकींच्या बाहेर जे काही बोललं जाई, ते रचनाच्या तोंडून जाई आणि रचनाच्या तोंडून येई.

गोळ्या झाल्या, पायाची सूज झाली, रात्री किती उशा लागतात ते झालं. शेवटी जेमिमाने नेहमीचा प्रश्न विचारला. तो फॉर्मच्या अगदी वर छापलेला होता आणि ती तो दर वेळी नव्यानेच सुचल्यासारखा विचारी.

"सध्या तुम्हाला सर्वांत जास्त काय हवंसं वाटतं?"

रचनाने तो मराठीत सांगितला. कांताबाईंनी हात मांडीवर एकावर एक ठेवले. शेल्फावर बुद्धाची लहान मूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांचा आणि भगवानरावांचा, रचनाच्या वडिलांचा, फोटो. बोलताना त्या तिकडेच बघत होत्या.

"हिला सांग, माणसं खूप येतात. सकाळची येते, गोळ्या देते, जाते. ही पायवाली येते. संध्याकाळची येते. कुणी वाईट नाही बाप्पा, सगळे गोड बोलतात. पण कोट घालून येतात आणि कोट घालूनच जातात. बसत कुणीच नाही. मी एकटी पडले गं. कोट काढून बसणारं कुणी पाहिजे मला. घटकाभर. एवढंच सांग."

रचनाचा हात नकळत स्वतःच्या कॉलरकडे गेला. दोन पस्तीसची गाडी होती. वॉटर्लू स्टेशनपर्यंत पोहोचायलाच तासभर लागे.

एक वर्षापूर्वी आई असंच काहीतरी म्हणाली होती आणि रचनाने ते जसंच्या तसं सांगितलं होतं. तेव्हा सोशल वर्करने पेन उघडून तिच्याकडे वळून विचारलं होतं, "तुम्ही आठवड्यातून किती वेळा येऊ शकता?" प्रश्न साधाच होता. आवाजातही काही नव्हतं. रचनाला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं, आणि खोलीतले सगळे त्या उत्तराची वाट बघत थांबले होते.

"ती म्हणते, येणारे सगळे फार प्रेमळ आहेत," रचनाने इंग्रजीत सांगितलं. "तिला जे लागतं ते सगळं आहे."

जेमिमाची बोटं टाइप करायची थांबली.

"एवढंच म्हणाल्या?"

"एवढंच."

"मला विचारावं लागतं म्हणून विचारते. त्यांना एकटं वाटतं का? 'हो' असेल तर टीममध्ये आणखी एक जण जोडता येते. ती घरी येऊन बसते, गुरुवारच्या जेवणाच्या क्लबात नेते."

"नाही," रचना म्हणाली. "मी रोज संध्याकाळी फोन करते. घरच्यांचा आधार चांगला आहे."

जेमिमाने कांताबाईंकडे पाहिलं. कांताबाई रचनाच्या कोटाच्या खालच्या काठाकडे बघत होत्या. मग जेमिमाने ते वाक्य टाइप केलं.

दोघी गेल्यावर रचनाने कप विसळले, घड्याळ पाहिलं आणि पर्स खांद्याला लावली.

"थांब," आई म्हणाली. "तुझ्या कोटाचं अस्तर उसवलंय. मागून लोंबतंय. इकडे दे, दोन टाके घालते."

"पुढच्या वेळी, आई. गाडी आहे."

"दोन टाक्यांना किती वेळ लागतो? सुईत दोरा ओवलेलाच आहे."

"पुढच्या वेळी नक्की."

"बरं," कांताबाई म्हणाल्या. "मेथीचे पराठे फ्रीजवर ठेवलेत, घेऊन जा. आणि पोचलीस की फोन कर. नुसता मेसेज नको."

रचनाने पोचल्यावर मेसेज केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, ती परत आलेल्या पुस्तकांची गाडी ढकलत असताना, फोन आला. सकाळच्या केअररने दाराबाहेरच्या पेटीतून किल्ली काढून दार उघडलं होतं. आई खुर्चीतच होती. केस विंचरून झाले होते.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. विहारातली मंडळी आली, पांढरी फुलं आली, वंदना झाली. साउथॉलच्या सुचेताताईंनी रचनाचे दोन्ही हात धरून म्हटलं, "पोरी, शेवटपर्यंत केलंस हो तू आईचं. इतक्या लांबून यायचीस." रचनाने मान हलवली. नाही म्हणायला तिथे जागाच नव्हती.

मग माणसं गेली. टीमही गेली, आणि ती कशी गेली हे रचनाने थोड्याशा आश्चर्याने पाहिलं. कुणीतरी कुठेतरी त्या एका रेकॉर्डवर एक ओळ लिहिली असावी, आणि सगळे एकदम थांबले. फार्मसीतून गोळ्यांचा ट्रे आला नाही. नर्स आली नाही. कमोड आणि वॉकर न्यायला गाडी कधी येईल त्याचं पत्र आलं. कुणालाही दोनदा सांगावं लागलं नाही. तिने पुस्तकांच्या जगात तीस वर्षं काढली होती, पण एवढी चोख नोंद तिने कधी पाहिली नव्हती.

दोन आठवड्यांनी, गुरुवारी, ती फ्लॅट आवरायला आली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी नोंदी करायची निळी फाइल फ्रीजवरच होती. ती ओट्याशी उभ्याउभ्याच वाचायला लागली.

'आगमन ८.१०. गोळ्या दिल्या. चहा दिला. आनंदी. निघाले ८.२५.' पुढच्या दिवशीही आनंदी. त्याच्या पुढच्या दिवशीही. मध्ये मध्ये टीमचे छापील कागद लावलेले होते. फिजिओच्या कागदावर लिहिलं होतं, गरजेचं सगळं आहे, घरच्यांचा आधार चांगला. फार्मसिस्टच्या कागदावर तेच. सोशल वर्करने तर त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं: आणखी कुणी नेमण्याची आवश्यकता नाही.

रचनाने पानं मागे उलटली, मग पुढे. वाक्य तिचंच होतं. वर्षभरापूर्वी, सोशल वर्करच्या त्या प्रश्नानंतरच्या पुढच्याच भेटीत, तिने ते एकदा सांगितलं होतं, आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात जात सगळ्या कागदांवर पोहोचलं होतं. पाच जणांनी पाच वेळा लिहिलं होतं, आणि पाचांपैकी एकालाही आईला पुन्हा विचारायची गरज पडली नव्हती.

दाराची बेल वाजली तेव्हा ती अजून कोटातच होती.

जेमिमा फाइल न्यायला आली होती. तिने हळू आवाजात सांत्वनाचे दोन शब्द म्हटले आणि दारातच घुटमळली.

"फाइल घेते, आणि रेकॉर्ड बंद करायचं आहे. ते तुमच्यासमोर करायची पद्धत आहे. पाच मिनिटं लागतील."

"ये ना."

जेमिमा आत आली. दाराच्या आत येताच तिने कोट काढला, घडी करून हातावर घेतला, तो कुठे ठेवावा ते तिला कळेना. शेवटी तो तिने सोफ्याच्या पाठीवर टाकला आणि बसली. कडेला नाही, नीट मागे टेकून. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

"खूप छान इंग्रजी बोलायच्या त्या," जेमिमा म्हणाली.

रचनाला वाटलं, हिला दुसरा कुणी पेशंट आठवतोय.

"स्ट्रोकनंतर तिला इंग्रजी येत नव्हतं."

जेमिमाने मान वर केली. आपण काय बोलून गेलो ते तिच्या आत्ता लक्षात आलेलं दिसत होतं.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"काय माहीत असेल?"

जेमिमा गळ्यातली चांदणी साखळीवर मागेपुढे सरकवत राहिली.

"माझी आजी मराठी बोलायची. आम्ही मुंबईचे ज्यू. घरात आता कुणाला येत नाही, मलाही नाही. पण स्वयंपाकघरातलं कळतं. शाळेतून आले की दारातच ती म्हणायची, कोट काढ, हात धू, बस." ते शब्द तिने मराठीत म्हटले, एकेक जपून. "त्या दिवशी तुमच्या आई कोटाबद्दल बोलल्या. बाकीचं नाही कळलं सगळं. पण कोट कळला, एकटी कळलं. आणि तुम्ही सांगितलंत त्यात कोट नव्हता."

खाली रस्त्यावर बस थांबली आणि सुटली.

"म्हणून मी चार वाजता त्यांना फोन केला," जेमिमा म्हणाली. "वाक्य आधी कागदावर लिहून घेतलं. 'कांताबाई, तुमी एकटा वाटते काय?' त्या इतक्या हसल्या! म्हणाल्या, एकटा नाही, एकटी. आणि मग म्हणाल्या, राहू दे बाळ, इंग्रजीत बोल, तुझ्या मराठीने मला दुसरा स्ट्रोक येईल."

रचनाच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि मध्येच थांबलं.

"इंग्रजी महिन्याभरातच परत आलं होतं त्यांचं. कुणाला सांगितलं नव्हतं. मी नंतर रिसेप्शनला विचारलं. दर महिन्याला त्याच फोन करायच्या. रिव्ह्यू हवा, गुरुवारी हवा, मला इंग्रजी येत नाही म्हणून मुलीला बोलवा. रिसेप्शनवाली म्हणाली, हे सगळं त्या इंग्रजीतच सांगायच्या."

रचना खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत होती. बारा महिने, बारा गुरुवार. आई या खुर्चीत बसून आधी आपलं बोलणं बोलायची आणि मग लेक त्याचं काय करते ते ऐकायची. शब्दन् शब्द. मग म्हणायची, पराठे घेऊन जा.

"तिने काही..." रचना तिच्याकडे वळली. "माझ्याबद्दल ती काय म्हणाली?"

"मी विचारलं, तुम्ही जे बोललात ते मी लिहू का? तर नको म्हणाल्या. 'राइट व्हॉट माय डॉटर सेज.' माझी मुलगी सांगेल तेच लिही." जेमिमा खाली बघत बोलत होती. "म्हणाल्या, दुसरं लिहिलंत तर तुम्ही लोक तिला विचारता, किती वेळा येशील. त्याने तिचा चेहरा पडतो. मग तिला इथे यायचीच भीती वाटेल."

रचनाने कोटाच्या मागे हात नेला. लोंबणारं अस्तर बोटांना लागलं.

"सोमवारी माझी सुट्टी असते," जेमिमा म्हणाली. "मी म्हटलं, नुसतीच येते, कामासाठी नाही. तर म्हणाल्या, कोट काढणार असशील तरच ये." ती थांबली. "सोमवार आलाच नाही."

तिने डोळे पुसले, लॅपटॉप उघडला आणि पुन्हा कामाचा आवाज काढला. तो तिला नीट जमला नाही.

"बंद करताना घरच्यांना एक विचारावं लागतं. रेकॉर्डवर काही घालायचं आहे का? काही दुरुस्ती? नसेल तर मी 'नाही' लिहिते. बहुतेक जण नाहीच म्हणतात."

सुईदोरा खिडकीच्या कठड्यावर होता. काळा दोरा, ओवलेला, शेवटाला गाठ मारून ठेवलेला.

रचनाने कोटाची बटणं सोडली. एक, मग दुसरं. कोट काढून तिने आईच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, उसवलेलं अस्तर वर करून, आणि जेमिमासमोर बसली. खोलीत गारठा होता. हीटर दोन आठवडे बंद होता.

"ती काय म्हणाली होती? मुलगी सांगेल ते लिही?"

"हो."

"मग लिही," रचना म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता, पण थांबला नाही. "पेशंट म्हणाली, मी एकटी पडले. कोट काढून बसणारं कुणी पाहिजे. ती हे मुलीला म्हणाली, दर वेळी म्हणाली. मुलीला ते कळलं होतं. मुलीने ते सांगितलं नाही."